माळवंडी तलावाचा पाचवा डबा

१

माळवंडीच्या तलावावर चोरी झाल्याचं रविवारी सकाळी कळलं, आणि सोमवारच्या बाजारात नानासोंनी चोर जाहीरसुद्धा करून टाकला. तपासाच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. वांग्यांच्या ढिगापाशी उभं राहून, चार गावची माणसं ऐकतील अशा आवाजात त्यांनी सांगितलं, की माझं होकायंत्र तलावावरच्या कोंडीबानं ढापलंय, आणि पाडव्यापर्यंत ते परत आलं नाही तर वनखात्याच्या साहेबांना सांगून त्याला तिथून हाकलून देतो. कोंडीबा तिथंच पिशवी धरून उभा होता.

हे नानासो म्हणजे आमच्या सांगलीच्या निसर्ग मंडळाचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही, पण एकदा तोंडातून शब्द गेला की तो खरा करण्यासाठी जन्म घालवतील. आणि कोंडीबा म्हणजे तलावाकाठच्या वनोद्यानाचा राखणदार. रोजंदारीवर होता, राहायला काठावरच पत्र्याची एक खोली. काम गेलं की खोलीही जाणार आणि नवराबायको रस्त्यावर येणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आता होकायंत्र तलावावर गेलंच कशाला? तर त्याला कारण आमचे हे. माझे यजमान शरच्चंद्र, भूगोलाचे मास्तर. निवृत्त झाल्यापासून त्यांना भूगोल शिकवायला घरात मी एकटीच उरले होते. त्यात सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत आमचा पुतण्या देवदत्त फौजेतून सुट्टीवर आला आणि एक खेळ शिकवून गेला. रानात ठिकठिकाणी डबे लपवायचे. पहिल्या डब्यापासून दुसरा कुठल्या दिशेला आणि किती लांब, एवढंच सांगायचं. लोकांनी होकायंत्र हातात धरून हुडकत जायचं. डबा सापडला की त्यातली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची, आणि डबा जागच्या जागी ठेवून पुढं निघायचं. ह्यांनी त्याला डबेशोध असं नाव दिलं आणि तलावाभोवती पाच डबे लपवले. पाचव्यात बक्षीस म्हणून नानासोंचं पितळी होकायंत्र ठेवलं. जिंकेल त्यानं ते वर्षभर मिरवायचं, फिरती ढाल असते तसं.

त्या रविवारी मंडळी घाम पुसत पाचव्या जागी पोचली, तर चिंचेची ढोली रिकामी.

२

मंगळवारी कोंडीबाची बायको सुलाबाई एसटीनं सांगलीला आमच्या दारात आली. चहा घेतला नाही, खुर्चीवर बसली नाही. उंबऱ्याशी बसून म्हणाली, "आवं बाई, चोर म्हनलं तवापास्नं ह्यांनी अन्न सोडलंय. खेळ तुमी मांडला, आन् घर आमचं उठतंय. आता तुमीच ह्यातनं सोडवा."

बोलली त्यात काही खोटं नव्हतं. मला नवऱ्याचा, नानासोंचा आणि देवदत्तच्या फौजेचा एकदमच राग आला. मी तिला म्हटलं, तू जा, जेवू घाल त्याला, मी बघते.

मी शकुंतला. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला. ट्रंक कॉल जोडून देता देता लोकांची बोलणी कानावर पडायचीच, आपण कान बंद करणार कसे? त्यात एक गोष्ट पक्की शिकले. खरं बोलणारा माणूस बोलून झाल्यावर थांबतो. खोटं बोलणारा बोलायच्या आधी थांबतो. मोठमोठे अडते आणि कारखानदार मी या एका खुणेवर ओळखलेत.

दुसऱ्याच दिवशी ह्यांना घेऊन मी तलावावर गेले आणि डबेशोध पहिल्यापासून केला. मार्च महिना, पळस फुललेला, पाण्यावर बदकांची शाळा भरलेली. हे स्वतःचं होकायंत्र धरून पुढं, आणि मी गुडघे धरून मागं. पहिला डबा बांधाच्या दगडाखाली, बिस्किटांचा पत्र्याचा. तो होता. दुसरा पळसाच्या बुंध्याशी, प्लास्टिकची बरणी. तीही होती. तिसऱ्यात तर कुणीतरी चांगला घडीचा चाकू ठेवला होता, तो तसाच. चौथाही जागेवर. पाचवा तेवढा नाही.

मी ह्यांना विचारलं, की चोराला चाकू नको, बाकीचं काही नको, असं कसं? आणि होकायंत्रच हवं होतं तर ते खिशात घालून डबा फेकून द्यायचा. बगलेत डबा घेऊन रानातून जाणारा माणूस लांबून दिसतो. हे म्हणाले, चोराला पॅकिंग लागलं असेल. अशा बुद्धीनं ह्यांनी तीस वर्षं पोरं पास केली.

चिंचेखाली सावली दाट होती. भाकरीचे तुकडे पडलेले, बसून बसून जमीन गुळगुळीत झालेली. कोंडीबा लांबूनच मागं येत होता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, की कुंपणापलीकडं आदगोंडा पाटलांची द्राक्षबाग आहे, तिथल्या बाया दुपारी हितं भाकरी खायला बसतात. पण पाटलांनी वनोद्यानातल्या माणसांशी बोलायची घरादाराला बंदी केली आहे, कारण आमची हरणं त्यांचे वेल खातात. मी कुंपणाजवळ जाऊन बघितलं. एका जागी तार वर उचलून बाई वाकून जाईल एवढी वाट पाडलेली होती.

३

आदगोंडा पाटील द्राक्षं उतरवून घेण्यात गुंतले होते. मी वनोद्यानाचं नाव काढताच त्यांनी हरणांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. माझ्या हातात असतं तर ते सगळं रान उचलून तलावात बुडवलं असतं, असंही म्हणाले. एवढा चिडलेला माणूस पहिला संशयित, हे ह्यांनी मला डोळ्यांनीच खुणावलं. मी सरळ विचारलं, होकायंत्राचं काही ठाऊक आहे का.

"बाई, आमी जैन मानसं. मुंगीला धक्का लावत न्हाई, तुमच्या यंत्राला कशाला लावू?"

आधी थांबले नाहीत. माणूस भांडखोर होता, पण खरा होता.

मग त्यांच्या पत्नी गुणमालाताईंकडं गेले. शेडमध्ये बेदाण्याच्या जाळ्या लावून घेत होत्या. होकायंत्र म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, तर ह्यांनी मातीत काडीनं काढून दाखवलं आणि लगे हात ध्रुवतारा समजावायला घेतला. त्या बिचाऱ्या मान डोलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "असलं काय बघितलंच न्हाई वो अक्का. देवाशप्पत न्हाई." तेही चटकन, न थांबता.

पण चिंचेखाली जाता का म्हणून विचारल्यावर मात्र बाई थांबल्या. नवऱ्याकडं एकदा बघितलं. मग पदर सावरत म्हणाल्या, "न्हाई... आमचं काय काम तिकडं." आणि आत जाऊन आमच्यासमोर डिंकाचे लाडू आणून ठेवले. खाल्ल्याशिवाय उठू देईनात. लाडू झकास होते, फक्त जायफळाचा हात जरा सैल होता. मी दोन खाल्ले, ह्यांनी किती खाल्ले ते बघायचं मी टाळलं.

म्हणजे बाई चिंचेखाली जातात हे नक्की, आणि होकायंत्र बघितलेलं नाही हेही नक्की. दोन्ही खरं कसं असेल? एसटीत बसल्यावर शांतपणे विचार करू असं ठरवलं. बसले, डोळे मिटले, आणि उघडले ते मिरजेच्या स्टँडवर. सांगली मागं गेल्याचा आम्हा दोघांनाही पत्ता नाही. मी दिवसा झोपत नाही हो. नोकरीत असल्यापासून दुपारी डोळ्याला डोळा लागलेला मला आठवत नाही.

४

उरला होता तो अतिशय नावाचा पोरगा. तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याचा मुलगा, डबेशोधाच्या सरावात दर वेळी दुसरा येणारा. पहिली येते ती आमच्या मंडळातली वल्लरी. नानासोंचा त्याच्यावरही थोडा डोळा होता, पण त्याचे वडील मंडळाला वर्गणी देतात, म्हणून डोळा उघडा ठेवून तोंड मिटलं होतं.

हा पोरगा प्रत्येक शब्दाआधी थांबत होता. नाव सांगतानाही थांबला. मी म्हटलं, बाबा रे, एक गरीब माणूस घराला मुकतोय, आता काय ते बोलून टाक. मग त्यानं मान खाली घालून सांगितलं. शनिवारी सकाळीच तो गुपचूप पाचव्या डब्यापाशी जाऊन आला होता. डबा तेव्हा होता. त्यानं आत अत्तराची एक कुपी ठेवली, कारण दुसऱ्या दिवशी तो डबा सर्वांत आधी वल्लरीच उघडणार होती. एवढं धाडस केलं आणि डबाच गेला. कुपीचं दुसऱ्या कुणालाही ठाऊक नाही, घरी सांगू नका, म्हणून त्यानं माझे पायच धरले.

असा सगळा कबुलीजबाब मिळूनही माझ्या हाती काही लागलं नव्हतं. पाडवा जवळ येत होता. सुलाबाईनं कुणाकरवी तरी निरोप धाडला होता, की भांडी बांधून ठेवू का? तो निरोप ऐकल्यापासून मला घास गोड लागेना.

मार्चच्या शेवटच्या रविवारी, एसटीडीचे दर कमी असतात त्या वेळेला, वन्संचा फोन आला. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, वाईच्या द्वारकाताई केतकर. प्रकृती, पाऊसपाणी आणि माझं वजन एवढं झाल्यावर त्यांनी सांगितलं, की सध्या घरात काय सुंदर बेदाणे आलेत, हिरवेगार, दोनदा आले. मी सहज विचारलं, कुणी पाठवले?

"आमच्या..." वन्सं थांबल्या. "आमच्या ओळखीच्या पाटलांनी. फार जुनी ओळख. त्याआधी एकदा तर अत्तरसुद्धा आलं होतं. या वयात मला अत्तर, म्हणजे बघ!"

मी रिसीव्हर ठेवला आणि ह्यांच्याकडं वळले. विचारलं, तुम्ही पाचवा डबा म्हणून जे लपवलंत, ते नक्की काय होतं? हे म्हणाले, स्टीलचा डबा, माळ्यावर पडलेला, तुला कुठं लागतो? मी स्टूल लावून माळ्यावर चढले. लग्नातल्या डब्याची जागा रिकामी होती.

मी वन्संना परत फोन लावला, पूर्ण दरानं नव्हे पण घाईनं, आणि एकच सांगितलं, की पुढच्या रविवारी त्या पाटलांकडं तुम्हाला माझ्याबरोबर यायचंय.

५

पाडव्याच्या आधीच्या रविवारी मी सगळ्यांना चिंचेखाली बोलावलं. नानासो आले, अतिशय आला, पाटील नवराबायको कुंपणापलीकडंच उभे राहिले. कोंडीबा आणि सुलाबाई एका कडेला होते. वन्संची गाडी अजून यायची होती, पण मी सुरुवात केली.

म्हटलं, आपण सगळे हुडकत बसलो होकायंत्र. ज्याला त्याला विचारलं, होकायंत्र बघितलंत का? इथंच चुकलं. होकायंत्र कुणी नेलंच नाही. नेला तो डबा. चार डबे तिथंच राहिले आणि पाचवा गेला, कारण त्या चारांवर नाव नव्हतं. पाचव्यावर होतं. स्टीलच्या भांड्यावर नाव घालून घेतात तसं: केतकर, गंगापुरी, वाई.

मग मी कुंपणाकडं वळून म्हटलं, "गुणमालाताई, होकायंत्राचं नाही विचारत. डबा मिळाला होता?"

"व्हय की," त्या लगेच म्हणाल्या. "वाईच्या सहलीवाल्यांचा डबा ऱ्हायला होता हितं. मी लावून दिला की तवाच."

नानासोंनी तोंड उघडलं. मी त्यांना हातानंच थांबवलं आणि बाईंना विचारलं, आत काय होतं ते बघितलं नाहीत? तर त्या म्हणाल्या, दुसऱ्याच्या डब्यात कांदा-लसूण, बटाटा काय काय असतंय, आपण कशाला झाकण काढायचं. राखणदाराकडं द्यायला हवा होता, पण घरातनं बोलायची बंदी. तार उचलून इकडं येतोय हे कळलं असतं तर आणि वेगळंच. म्हणून द्राक्षं घेऊन पुण्याला जाणाऱ्या टेंपोत घातला. आदगोंडांनी बायकोकडं बघितलं, आणि मग उचललेल्या तारेकडं.

इथवर ठीक. पण खरी गंमत वाईला सुरू झाली होती. वन्संची रीत अशी, की प्रत्येक लग्नात स्टीलचा डबा द्यायचा, आमच्याही लग्नात दिला. डझनावारी आणून त्यावर फक्त स्वतःचं नाव घालून ठेवलेलं, कारण घेणाऱ्याचं नाव घातलं की तो डबा त्याच लग्नाला अडकून पडतो. असे डबे सातारा-सांगलीत किती पोचलेत ते त्यांनाही ठाऊक नाही. तेव्हा टेंपोवाल्यानं 'माळवंडीच्या गुणमाला पाटलांनी दिलाय' म्हणून डबा हातात दिला, तसं वन्संना वाटलं, या बाईच्या लग्नाला आपण गेलो असणार. आठवत तर नाही. पण विसरले असं म्हणायचं कसं? शिवाय आत भेटवस्तू. मग डबा रिकामा कसा धाडायचा? त्यांनी लाडू भरून पाठवले. इकडं गुणमालाताईंना वाटलं, अनोळखी बाई किती रीतीची, साध्या डब्यासाठी लाडू केले. आता रिकामा कसा परत करायचा? त्यांनी बेदाणे भरले. तिकडून पुन्हा लाडू. इकडून पुन्हा बेदाणे. तुम्ही कोण, हे विचारायची दोघींनाही लाज.

"म्हणजे आम्ही खाल्ले ते ताईचे लाडू?" हे एकदम म्हणाले.

मी म्हटलं, तेच तर. जायफळ एवढ्या सढळ हातानं घालणारी बाई दोन्ही जिल्ह्यांत एकच आहे. परीक्षेच्या दिवसांत वन्संचे लाडू पोरांना द्यायचे नाहीत असा आपल्याकडं नियम होता. आपण मिरजेला उतरलो तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्यात वन्संनी फोनवर बेदाण्यांचं सांगितलं, आणि अत्तराचं. अत्तर डब्यात होतं हे ठेवणाऱ्याशिवाय आणि माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. अतिशयनं चिंचेच्या पाल्याचा अभ्यास सुरू केला. वल्लरी त्या दिवशी आली नव्हती हे त्याचं नशीब.

एवढ्यात टेंपो आला. आकाराम ड्रायव्हरनं वन्संना हात देऊन उतरवलं. हा आकाराम महिनाभर डबा नेत-आणत होता, कारण वाई त्याची सासुरवाडी. दोन बायकांच्या संकोचावर त्याचा जावईपणा बिनखर्ची चालला होता. तू बोलला का नाहीस म्हणून मी विचारलं तर म्हणाला, "इचारलं कुनी? सगळी यंत्र यंत्र करत हुती. मला वाटलं, रेडिओ गेलाय कुनाचा."

वन्सं आणि गुणमालाताई एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या. मग वन्सं म्हणाल्या, "अगं, किती बदललीस तू लग्नापासून." आणि गुणमालाताई भीत भीत म्हणाल्या, "तुमी बी." दोघी त्याआधी जन्मात भेटलेल्या नव्हत्या.

"पण माझं होकायंत्र?" नानासोंना राहवेना.

वन्संनी पिशवीतून ते काढलं. म्हणाल्या, "हे घड्याळ होय? काटा एकच, तोही पुढं सरकत नाही. घड्याळजीकडं दिलं होतं. तो म्हणाला, बाई, कितीही उघडून बघितलं तरी हे वाजतच नाही."

६

सगळे पोट धरून हसत होते. पाटलांनी स्वतःच्या हातानं तार खाली ओढली आणि मग, बायकोला वळसा पडेल म्हणून, पुन्हा वर उचलली. नानासो होकायंत्र सदऱ्याला पुसत कोंडीबापाशी गेले. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, चला, मिटलं. कोंडीबा, झालं गेलं विसरून जा, साहेबांना मी काही सांगत नाही.

कोंडीबानं खांद्यावरचा हात हळूच बाजूला केला.

"सायेब, चोर म्हनला ते भर बाजारात म्हनला. चार गावच्या मानसांनी ऐकलं. आन् न्हाई म्हनायचं ते हितं, चिंचंखाली?"

हसणं थांबलं. नानासो माझ्याकडं बघायला लागले. मी पाण्यावरची बदकं मोजायला लागले. मनातून मात्र मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सोमवार, पाडव्याआधीचा बाजार. साखरेच्या गाठी, कडुलिंबाच्या डहाळ्या, नुसती रेटारेटी. नानासो इस्त्रीचा सदरा घालून आले आणि वांग्यांच्या ढिगापाशी उभे राहिले. म्हणाले, होकायंत्र सापडलं, कोंडीबानं चोरी केलेली नाही, माझी चूक झाली. शेजारच्या कांदेवाल्यालाही ते ऐकू गेलं नसेल.

कोंडीबा म्हणाला, "त्या दिशी आवाज मोठा हुता."

नानासोंनी दम घेतला आणि पुन्हा सांगितलं. या वेळी खणखणीत, अगदी पलीकडच्या बैलबाजारापर्यंत जाईल असं. माना वळल्या. ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं ते विचारायला लागले, कसली चोरी, कोण कोंडीबा? ज्यांना ठाऊक होतं ते त्यांना सांगायला लागले, की हाच तो, ह्यानं काही केलेलं नाही. नानासोंनी कपाळ पुसलं आणि जायला वळले.

"सायेब," कोंडीबा म्हणाला, "जरा थांबा. आमची मंडळी आत्ता आलीया."

सुलाबाई गर्दीतून वाट काढत येत होती, डोक्यावर पाटी, पदर घामानं भिजलेला. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. एवढी माणसं नवऱ्याभोवती बघून ती जागीच उभी राहिली. तिला वाटलं असणार, आज आणि काय.

नानासो तिच्यासमोर गेले, टोपी काढली आणि तिसऱ्यांदा सांगितलं. ते त्यांनी हळूच सांगितलं, कारण ऐकायचं होतं ती समोर उभी होती.